तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी असेल!

अपडेटनंतर ज्याचं इंटरनेट गेलंय अशा माणसाला आपल्याकडे सहानुभूती मिळत नाही, त्याची उलटतपासणी होते. अँटिव्हायरस कुठला टाकलाय? राउटर किती जुना? अपडेट चालू असताना मध्येच बटण दाबलंत का? पोरांनी गेम्स वगैरे डाउनलोड केलेत का? आणि एवढं विचारून झाल्यावर निकाल ठरलेला: ‘आमच्याकडे तर सगळं व्यवस्थित चाललंय. तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी असेल.’ हेल्पलाइनवरचा मुलगा हेच म्हणतो, ऑफिसातला आयटीवाला हेच म्हणतो, हिंजवडीत नोकरी करणारा भाचा व्हिडिओ कॉलवर हेच म्हणतो. काल रात्री झोपताना चालू असलेलं नेट सकाळी बंद, मधल्या काळात यंत्राला हात लागला तो फक्त अपडेटचा, आणि तरी गुन्हेगार कोण, तर मालक!

या सुराचा मला वैताग आलेला आहे. तो अज्ञानातून येत असता तर सोडून दिला असता. पण तो येतो जाणकारीच्या तोऱ्यात, आणि माहितीच्या कसोटीवर हे जाणकारच आधी नापास होतात.

त्यांचं म्हणणं विपर्यास न करता मांडतो. ते म्हणतात, ऑपरेटिंग सिस्टिम कोट्यवधी यंत्रांवर चालते. प्रत्येकाचं वायफाय कार्ड वेगळं, ते चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर वेगळा, राउटर वेगळा. इतक्या जोड्या आधी तपासून पाहणं कुणालाही शक्य नाही. अडचण येते ती मूठभरांना, आणि त्या मूठभरांनी बहुधा जुनंपानं सामान कवटाळून ठेवलेलं असतं. अपडेट सुरक्षेसाठी असतं, ते न घेणारा स्वतःबरोबर इतरांनाही धोक्यात घालतो. घेण्याआधी काय बदलणार ते वाचावं, बॅकअप घ्यावा, आणि तरीही अडलंच तर उपाय नेटवर आहेत, शोधावेत. वर अपडेट फुकट मिळतं, तेव्हा कुरकुर कशाला?

ऐकायला किती समंजस! आता एकेक मुद्दा घेऊ.

‘दोष तुमच्या मशीनचा’ या लाडक्या निदानापासून सुरुवात करतो. डिसेंबर २०१६मध्ये ब्रिटन आणि युरोपात विंडोज ८ आणि विंडोज १० वापरणाऱ्या अनेकांचं इंटरनेट एकाएकी गेलं. यंत्र सुरू झालं की ते राउटरकडे एक पत्ता मागतं, ज्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. राउटरने दिला तर पुढचा सगळा व्यवहार. तो मिळालाच नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता लावून घेते. हा पत्ता बाहेरच्या जगात कुठेच पोचवत नाही. वायफायचे दांडे पूर्ण भरलेले दिसतात आणि पान एकही उघडत नाही. पाहणाऱ्याला वाटणार की राउटर गेला किंवा बिल थकलं. त्या वेळीही तसंच वाटलं. लोकांनी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडे तक्रारी केल्या. शेवटी बीटी, प्लसनेट यांसारख्या कंपन्यांना सांगावं लागलं की अडचण आमच्या जोडणीत नाही, विंडोजमध्ये आहे. १३ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती आली. त्या दुरुस्तीच्या टिपणात कंपनीनेच लिहिलं की विंडोजमधलीच एक सेवा कोसळत होती आणि त्यामुळे यंत्राला पत्ता मिळत नसे. ना राउटर दोषी, ना ग्राहक, ना पोरांचे गेम्स.

त्या दिवसांत कंपनीने दिलेला सल्ला तर मासलेवाईक होता: यंत्र रिस्टार्ट करा, शट डाउन नको. कारण विंडोज ८पासून शट डाउन केलं तरी यंत्र पुरतं बंद होतच नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून गाभ्याचा भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तसाच उचलला जातो, त्यात असलेल्या बिघाडासकट. म्हणजे ज्या बिचाऱ्याने यंत्र नीट बंद केलं, प्लग काढला, दहा मिनिटं थांबला आणि परत लावला, त्याची अडचण तशीच. आणि त्याला काय ऐकायला मिळालं असेल? ‘तुम्ही नीट रिस्टार्ट केलं नसेल.’

मॅकवाल्यांनी इथे हसू नये. १६ ऑक्टोबर २०१४ला अ‍ॅपलने मॅकची नवी ऑपरेटिंग सिस्टिम योसेमिटी आणली आणि तिच्याबरोबर वायफायच्या तक्रारींचा पूर. नेटवर्कवरची नावं आणि उपकरणं शोधण्याचं काम वर्षानुवर्षं एक जुना, स्थिर प्रोग्राम करत होता. योसेमिटीत त्याच्या जागी ‘डिस्कव्हरीडी’ नावाचा नवा आणून बसवला होता. तक्रारी वाढत गेल्या, तसे घरगुती उपायही वाढत गेले: ब्लूटूथ बंद करा, सेटिंग्जच्या फायली उडवा, राउटरचं चॅनल बदला. ३० जून २०१५ला योसेमिटीची १०.१०.४ ही आवृत्ती आली आणि अ‍ॅपलने गुपचूप तो नवा प्रोग्राम काढून जुनाच परत बसवला. साडेआठ महिने! या काळात किती जणांनी चांगले राउटर भंगारात दिले असतील? त्यातल्या एकाला तरी अ‍ॅपलने राउटरचे पैसे दिले का? दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२४मध्ये, सेक्वोया या मॅकच्या नव्या सिस्टिमच्या पहिल्याच आवृत्तीने अनेकांची व्हीपीएन आणि सुरक्षा सॉफ्टवेअरं अडवली, त्यांच्याबरोबर नेटवर्कही अडखळलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती काढावी लागली. महागड्या यंत्राला हा आजार होत नाही, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडावा.

तिसरा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या आठवणीतल्या दिवसांतला आहे. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीला विंडोज १०चं एक अपडेट आलं. त्यानंतर प्रॉक्सी आणि विशेषतः व्हीपीएन वापरणाऱ्या यंत्रांवर ‘इंटरनेट नाही’ किंवा ‘मर्यादित’ अशी खूण दिसू लागली. ही खूण ठरते कशी, तेही सांगतो. विंडोज आपल्या कंपनीच्या सर्व्हरवरून एक इवलीशी मजकूर-फाइल मागवते. तीत तीनच शब्द असतात: ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’. ते आले तर नेट आहे, नाही आले तर नाही. ब्राउझर सुरळीत चालत असला तरी ऑफिस, टीम्स, आउटलुक यांसारखे प्रोग्राम या खुणेवर विसंबून आपलं काम नाकारू शकतात. आता तारखा बघा. २४ मार्चच्या रात्री कोरोनामुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली. लाखो माणसं ऑफिसचे लॅपटॉप घेऊन घरात बसली आणि व्हीपीएनमधून कामाला लागली. दुरुस्ती आली ३० मार्चला. मधल्या दिवसांत ज्यांच्या स्क्रीनवर नेट नसल्याची खूण होती, त्यांना घरच्या ब्रॉडबँडला शिव्या घालण्याखेरीज काय सुचणार होतं? आणि साहेबांना कोण पटवून देणार होतं की मी टाळाटाळ करत नाहीये?

आता ‘इतक्या जोड्या कोण तपासणार’ हा युक्तिवाद. वरवर बिनतोड वाटतो, म्हणून थोडं थांबून बोलतो.

जुलै २०१५मध्ये विंडोज १० आली तेव्हा विंडोज ८.१वरून तिच्यावर गेलेल्या काही यंत्रांचं वायफाय पूर्ण गायब झालं. कारण होतं यंत्रात आधीपासून असलेली सिस्को आणि सॉनिकवॉलची जुनी व्हीपीएन सॉफ्टवेअरं. मायक्रोसॉफ्टने पुढे उपाय प्रसिद्ध केला: काळी खिडकी उघडा, रजिस्ट्री नावाच्या सेटिंग्जच्या वहीतली अमुक नोंद उडवा. म्हणजे नेमकी कुठली नोंद आडवी येते हे कंपनीला ठाऊक झालं होतं. जी नोंद ग्राहकाला शोधून उडवायला सांगता येते, ती अपडेटला सुरू होण्याआधी शोधता येत नाही? येते. २०१९च्या मे अपडेटच्या वेळी क्वालकॉमचा जुना वायफाय ड्रायव्हर असलेल्या काही यंत्रांना ते अपडेट मुद्दाम अडवून धरलं होतं, कारण त्यांचं वायफाय जाईल हे कळलेलं होतं. तुमच्या यंत्रात कुठलं कार्ड आहे आणि कुठल्या तारखेचा ड्रायव्हर आहे हे अपडेटला बारीकसारीक माहीत असतं. तेव्हा ‘तपासणं शक्य नाही’ असं म्हणू नका. ‘प्रत्येक वेळी तपासत नाही’ असं म्हणा, तेवढं मान्य करू.

आणि समजा, आधी सगळं तपासता येत नाही. नंतर? माझा खरा रोष इथे आहे. अपडेटनंतर विंडोज सुरूच होत नसेल तर ती स्वतःहून नुकतं बसवलेलं अपडेट काढून टाकते आणि तसा निरोपही दाखवते. ही सोय २०१९पासून आहे. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला फोन करावा लागत नाही. म्हणजे घाव घातल्यावर तो ओळखून मागे फिरण्याची अक्कल या यंत्रणेला आहे. मग काल रात्री नेट होतं आणि अपडेटनंतर नाही, एवढी साधी तुलना तिला का जमू नये? मोठं अपडेट जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात काही दिवस जपून ठेवतं, म्हणजे परतीची वाटही हाताशी असते. तरी यंत्र सुरू झालं की अपडेट ‘यशस्वी’ म्हणून नोंदलं जातं. पडदा उजळला, घड्याळ दिसलं, संपलं काम. इंटरनेट नसलेलं यंत्र आज कशाच्या उपयोगाचं? पत्त्यांचा खेळ मांडायच्या. ज्यांनी यशाची ही व्याख्या ठरवली त्यांना जाब विचारायचा की सांगली-साताऱ्यातल्या त्या माणसाला, ज्याला ड्रायव्हर म्हटलं की एसटीचा आठवतो?

मूठभरांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही, साधा गुणाकार पुरे आहे. ऑक्टोबर २०१८च्या अपडेटने काही लोकांच्या फायलीच उडवल्या आणि कंपनीला ते वाटप थांबवावं लागलं. तेव्हा तिने सांगितलं की तक्रारींचं प्रमाण एका टक्क्याचा शंभरावा भाग आहे, दहा हजारांत एक. वाचून किती दिलासा वाटतो! जानेवारी २०२२मध्ये त्याच कंपनीने अभिमानाने जाहीर केलं की दरमहा १४० कोटी उपकरणांवर विंडोज १० किंवा ११ चालते. त्याचे दहा हजारांत एक म्हणजे १ लाख ४० हजार. ही मूठ जरा मोठीच झाली. ज्या वेळी आपल्या पसाऱ्याची फुशारकी मारायची त्या वेळी आकडे कोटींत, आणि नुकसान मोजायची वेळ आली की टक्क्याचे तुकडे? तेच २०१८चं अपडेट प्रसिद्ध होण्याआधी चाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांनी फायली जात असल्याचं कळवलंही होतं. पण त्या तक्रारीला पुरेशी मतं पडली नाहीत म्हणून ती ढिगात राहून गेली. आपल्याकडे निवडणुकीत फारच कमी मतं पडलेल्याचं निदान डिपॉझिटच जप्त होतं, त्याचं दुखणं खोटं ठरत नाही.

पुढचा सल्ला मला सगळ्यांत विनोदी वाटतो: उपाय नेटवर आहे. नेट गेलेल्याला नेटवर जायला सांगणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही! ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याच्या वेबसाइटवर आहे. दुरुस्तीचं अपडेट कंपनीच्या सर्व्हरवर आहे. डिसेंबर २०२३मध्ये विंडोज ११च्या अपडेटने विद्यापीठं आणि कचेऱ्यांमधल्या, नाव आणि पासवर्ड देऊन जोडायच्या वायफायशी काही यंत्रांचं जमेनासं केलं. त्यावर कंपनीने आपलं नवं तंत्र वापरलं: बिघडलेला तेवढाच बदल दुरून मागे घ्यायचा. तंत्र झकास आहे. पण ते यंत्रापर्यंत पोचतं कशावरून? इंटरनेटवरून. जून २०२२मध्ये तर एका अपडेटनंतर लॅपटॉपचा हॉटस्पॉट सुरू करून दुसरं उपकरण जोडलं की खुद्द लॅपटॉपचंच नेट जायचं. जून म्हणजे आपल्याकडे निकालांचा आणि प्रवेशअर्जांचा महिना. एका डोंगलवर घरातली चार उपकरणं चालवणाऱ्यांना त्या दिवसांत कुठलं विद्वान उत्तर द्यायचं होतं?

याची पुढची पायरी विंडोज ११ नव्याने बसवताना दिसते. घरगुती आवृत्ती पहिल्यापासूनच म्हणते, आधी इंटरनेट जोडा आणि आमचं खातं उघडा, मग पुढे जाऊ. विंडोज ११ आल्याच्या पुढच्या वर्षीपासून वैयक्तिक वापराच्या प्रो आवृत्तीलाही तीच अट लागली. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर नेट नाही, नेट नाही तर विंडोज नाही, आणि ड्रायव्हर आहे नेटवर. दुरुस्ती करणारी मुलं एक छोटी आज्ञा देऊन हा फेरा चुकवत असत. मार्च २०२५मध्ये ती पळवाटही चाचणी आवृत्तीतून काढून टाकली. कारण दिलं सुरक्षेचं.

सुरक्षा! हे एकदा उच्चारलं की समोरच्याने मान खाली घालायची असते. मी घालणार नाही, पण एक गोष्ट बिनशर्त मान्य करतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या घेतल्याच पाहिजेत. १४ मार्च २०१७ला विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती निघाली होती. ती न घेतलेल्या यंत्रांवर १२ मेपासून वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस तुटून पडला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम ठप्प झालं. त्यावर माझा वाद नाही. माझा वाद आहे तो सुरक्षेच्या शेपटाला बांधून येणाऱ्या बाकीच्या सामानाशी. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. युरियाची गोणी हवी तर ही दोन औषधंही घ्या, असं कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, त्याला लिंकिंग म्हणतात आणि त्याविरुद्ध ओरड होते. विंडोज १०पासून दरमहा येणारं अपडेट एकत्र गाठोडं असतं. त्यातली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी घ्यायची आणि नेटवर्कचा नवा बदल महिनाभर बघून मग घ्यायचा, हे घरगुती ग्राहकाला शक्य नाही. एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही. हे बांधलं कुणी? ग्राहकाने?

त्याचे परिणाम काय होतात ते बघायचं तर कुठल्याही बाजारपेठेतल्या छोट्या कचेरीत जावं. सप्टेंबर २०२१च्या अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर धडाधड बंद पडले आणि स्क्रीनवर शेवटी ‘११बी’ असलेली एक एरर येऊ लागली. हा बदल खरोखर सुरक्षेसाठीच होता. छपाईच्या यंत्रणेतली एक उणीव त्याने बुजवली होती. कंपनी म्हणेल, आम्ही जानेवारीतच सूचना दिली होती. दिली होती, इंग्रजीत, सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांना उद्देशून. इचलकरंजीतल्या सुताच्या व्यापाऱ्याच्या पेढीत सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण असतो? शेठचा पुतण्या, तोही कॉलेजातून आल्यावर. मग लोकांनी काय केलं? कुणी अपडेटच काढून टाकलं, कुणी रजिस्ट्रीत एका जागी शून्य टाकून ते संरक्षणच बंद केलं. छपाई सुरू झाली. काही दुकानांत तर विंडोज टाकून देताना अपडेटची सेवा आधीच बंद करून देतात, आणि गिऱ्हाईक त्याबद्दल आभार मानतं. हे लोक सुरक्षेचे वैरी नाहीत, त्यांना बिलं छापायची आहेत. अपडेटवरचा विश्वास उडाला की सुरक्षाही जाते, आणि तो विश्वास ग्राहकाने उडवलेला नाही.

‘आधी वाचायचं होतं, थांबायचं होतं’ असं सांगणाऱ्यांची स्मरणशक्ती अधू असावी. २०१५मध्ये विंडोज १० घरगुती आवृत्तीत अपडेट थांबवायचं बटणच नव्हतं. ते आलं २०१९मध्ये, तेही कमाल ३५ दिवसांपुरतं. २०१६मध्ये तर विंडोज १०चं आमंत्रण देणारी खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली तरी तो होकार धरला जाई आणि ठरलेल्या वेळी यंत्र आपोआप बदलून जाई. जगभर ज्या फुलीचा अर्थ ‘नको’ असा होता, तिचा अर्थ एका रात्रीत ‘हो’ झाला! त्या वर्षअखेरीला कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कापोसेला यांनीच कबूल केलं की त्यात आम्ही मर्यादा ओलांडली. कॅलिफोर्नियात सॉसलिटो इथे प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंनी न मागितलेल्या विंडोज १०मुळे कामाचं यंत्र निकामी झालं म्हणून दावा लावला आणि १० हजार डॉलर मिळवले. कंपनीने अपील मागे घेतलं. परत जुन्या आवृत्तीवर जायला आधी ३० दिवस मिळत, ते २०१६मध्येच १० केले. दहा दिवसांत दोष लक्षात यायचा, गावातला माणूस सापडायचा, त्याला वेळ मिळायचा.

आणि थांबायचं म्हटलं तरी घड्याळ कुणाचं? मासिक अपडेट निघतं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणजे भोगायचं बुधवारी. सप्टेंबर २०२४, डिसेंबर २०२४, जून २०२५ या तिन्ही महिन्यांत तो मंगळवार १० तारखेला आला. ११ तारीख ही दरमहा जीएसटीआर-१ हे विवरणपत्र भरण्याची मुदत. करसल्लागाराच्या टेबलावर फायलींचा ढीग, यूएसबीमध्ये डिजिटल सहीचं टोकन, दारात गिऱ्हाईकं, आणि संगणक म्हणतोय, बंद करू नका, ३० टक्के झालंय. यात कुणाचा कट नाही, हे मला कळतं. त्यांच्या पंचांगात आपली तारीख नाही एवढंच. पण मग ‘सोयीची वेळ बघून अपडेट घ्यावं’ हा उपदेश तरी आपल्याला करू नका.

फुकटच्या मुद्द्याला दोन वाक्यं. लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे धरलेले असतात. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला तेव्हा पुढच्या एका वर्षाच्या सुरक्षेसाठी ३० डॉलरचा, नाहीतर कंपनीच्या खात्याशी यंत्र जोडण्याचा पर्याय समोर ठेवला होता. हे दानधर्माचं खातं दिसत नाही.

‘मग लिनक्स वापरा’ असं म्हणणारे उत्साही तरुणही या लेखाच्या वाटेवर उभे असतील. त्यांच्याबद्दल मला ममत्व आहे. पण वायफाय कार्डांचे बंदिस्त फर्मवेअर डेबियन या लिनक्सच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये सरसकट आले ते जून २०२३मध्ये, बाराव्या आवृत्तीत. तोवर अनेकांना इन्स्टॉल करताना केबल शोधत फिरावं लागे. तेव्हा शांत बसा.

मुद्दा असा आहे. जो बदल यंत्राच्या मालकाने मागितला नाही, ज्याची वेळ त्याने ठरवली नाही, ज्याचे तुकडे करून निवडण्याचा हक्क त्याला दिला नाही, त्या बदलाने नेट तुटलं तर जबाबदारी बदल करणाऱ्याची. शंभर टक्के. राउटर जुना असला तरी. ड्रायव्हर तैवानच्या कंपनीचा असला तरी. जुना राउटर आणि तोच ड्रायव्हर घेऊन ते यंत्र काल रात्रीपर्यंत चालत होतं. ते मोडायचा अधिकार घेता, तर जोडायचं कामही घ्या. अपडेटनंतर नेट तपासा. नसेल तर यंत्र सुरू न झाल्यासारखंच ते अपयश माना आणि विचारल्याशिवाय, नेटविना, जुना ड्रायव्हर आणि जुनी सेटिंग्ज परत आणा. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी द्या, बाकीचं वेगळं. परतीची मुदत पुन्हा ३० दिवस करा. आणि ज्ञात दोषांची यादी जिथे ग्राहक आहेत त्या भाषांत द्या. विंडोजचे मेनू मराठीत येऊ शकतात, तर ‘या अपडेटने काहींचं वायफाय जातंय’ हे एक वाक्यही येऊ शकतं.

आणि ज्यांचं नेट या बुधवारी किंवा पुढच्या बुधवारी जाईल, त्यांना एवढंच सांगतो: आधी रिस्टार्ट करा, शट डाउन नको. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा, वायफाय कार्ड मेलेलं असलं तरी त्यावरून बहुतेक वेळा नेट मिळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या कार्डावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ उमटलेलं असेल तर ते दाबा. अपडेट मोठं असेल तर दहा दिवसांच्या आत मागे फिरा. फॉरमॅट मारायला लगेच होकार देऊ नका. आणि कुणी म्हणालं की तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी असेल, तर त्याला विचारा, काल रात्री ते कुठे होतं?